पहिलं सिझर झालंय, दुसरं बाळंतपण कसं? आपल्या तालुक्यांत हा निर्णय डॉक्टरपेक्षा कागद आणि रस्ताच घेतोय

नांदेड/लातूर : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची रांग लागते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे, त्यात या दिवशी डॉक्टरकडून तपासणी फुकट होते. रांगेतल्या ज्या बाईचं आधीचं बाळंतपण सिझरनं झालेलं असतं, तिची नोंद जोखमीची गरोदर म्हणून होते आणि कार्डावर लाल स्टिकर लागतं. इथपर्यंत यंत्रणा बरी चालते. अडतं ते पुढं. स्टिकर लागलं, पण आता बाळंतपण कुठं करायचं, पुन्हा सिझर करायचं की नॉर्मलची वाट बघायची, हे त्या बाईला नीट बसून सांगणारं माणूस तिथं असतंच असं नाही. रांग मोठी असते आणि डॉक्टर एक.

मग ते घरात ठरतं. एका घरात म्हणतात, एकदा पोट फाडलं की दर वेळी फाडावंच लागतं. दुसऱ्या घरात म्हणतात, डॉक्टर पैशासाठी कापतात, आपण आपलं घरीच कळा येईस्तोवर थांबू, शेवटच्या घडीला जाऊ. पहिलं म्हणणं अर्धवट खरं आहे. दुसरं जिवावर बेतणारं आहे.

हा प्रश्न आता काही मोजक्या घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं सिझरनं झाली. त्याच्या आधीच्या पाहणीत, २०१५-१६ ला, हा आकडा २० होता. देशात खासगी दवाखान्यात शंभराला ४७ आणि सरकारीत १४. ज्या बायांचं पहिलं सिझर तेव्हा झालं त्या आज दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला आहेत. म्हणजे 'सिझरनंतर काय' हा प्रश्न विचारणाऱ्या बाया दर वर्षी वाढतच जाणार.

आपल्या सीमेवरचं चित्र आणखी वेगळं. किनवटची माणसं आदिलाबादला जातात, धर्माबाद-बिलोलीची निजामाबादला. नांदेडपेक्षा ते जवळ पडतं, सोयरीकही तिकडं असते. त्या तेलंगणात याच पाहणीत सिझरचं प्रमाण शंभरात ६० च्या वर निघालं, देशात सगळ्यात जास्त. तिथं पहिलं सिझर झालेली आपली लेक दुसऱ्या खेपेला इकडं सासरी असते आणि तिचा कागद तिकडं राहिलेला असतो. या कागदाचं महत्त्व काय, ते पुढं येतंच.

'एकदा सिझर, कायम सिझर' आलं कुठून

हे वाक्य आपल्या आजीबाईंनी काढलेलं नाही. ते १९१६ साली एडविन क्रेगिन नावाच्या अमेरिकेतल्या डॉक्टरनं लिहिलं. त्या काळी गर्भपिशवीवर वरून खाली उभा छेद घ्यायचे. तो जाड स्नायूतून जायचा आणि पुढच्या खेपेला कळांच्या जोरानं उसवायची भीती मोठी असायची. क्रेगिनचा रोख खरं तर पहिल्या सिझरवर होता. पहिलं उगाच करू नका, नाहीतर पुढची सगळी तशीच करावी लागतील, असं तो सांगत होता. शंभर वर्षांत त्याचा इशारा मागं पडला आणि वाक्य तेवढं राहिलं.

आता बहुतेक ठिकाणी छेद पिशवीच्या खालच्या पातळ भागात, आडवा घेतात. तो चांगला सांधतो. म्हणून असं एकच सिझर झालेल्या आणि बाकी सगळं ठीक असलेल्या बाईला नॉर्मलची संधी देता येते, असं जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजनं २०१५ च्या मार्गदर्शिकेत दिलेला हिशेब असा : अशा शंभर बायांनी प्रयत्न केला तर ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं. आधी कधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९० जणींचं. साधारण दोनशेत एकीची पिशवी जुन्या टाक्यावर फाटते.

दोनशेत एक म्हणजे कमी की जास्त? इथंच सगळी गोम आहे. हे आकडे ज्या दवाखान्यांतले आहेत तिथं बाई कळा देत असताना बाळाच्या ठोक्यावर सतत लक्ष असतं, शेजारी ऑपरेशन थिएटर तयार असतं, भूलतज्ज्ञ इमारतीत असतो आणि फ्रीजमध्ये रक्त असतं. पिशवी फाटली तर काही मिनिटांत पोट उघडतात. तिथं दोनशेतली ती एक बहुतेक वेळा वाचते, लेकरूही वाचतं. तीच बाई मुखेडच्या एखाद्या वाडीवर असेल तर? आकडा तोच, पण निकाल तोच राहणार नाही.

सिझरही फुकटात पडत नाही

'मग सरळ दुसरं सिझर करून मोकळं व्हावं' असं म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती मी खोटी ठरवणार नाही. तारीख ठरवून, दिवसाउजेडी, सगळी माणसं हजर असताना केलेलं सिझर हे कळा चालू असताना रात्री दोनला घाईत केलेल्या सिझरपेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. नॉर्मलचा प्रयत्न फसलेल्या चौघींतल्या एकीला नेमकं तेच घाईचं सिझर वाट्याला येतं. ज्यांचं हे शेवटचं लेकरू आहे आणि गाव दूर आहे, त्यांना ठरवून केलेलं सिझर हा शहाणपणाचा रस्ता असू शकतो. फक्त ते ३९ आठवडे भरल्यावर करावं, असा डॉक्टरांचा नियम आहे. त्याआधी काढलेल्या लेकराला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मुहूर्त बघून, पंचांग काढून 'अमक्या दिवशी अमक्या वाजता काढा' म्हणणारे लोक आता खेड्यातही निघालेत. लेकराची फुप्फुसं पंचांग वाचत नाहीत, हे त्यांना दवाखान्यानंच तोंडावर सांगायला पाहिजे.

खरी किंमत कळते ती तिसऱ्या-चौथ्या खेपेला. दर सिझरमागं पोटात आतडी, मूत्राशय, पिशवी एकमेकांना चिकटत जातात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. त्याहून वाईट म्हणजे वार. लेकराची वार जुन्या टाक्याच्या जागी बसली तर ती कधी कधी पिशवीत मुळासारखी रुतते आणि बाळंतपणानंतर सुटतच नाही. रक्त थांबत नाही, बऱ्याचदा पिशवीच काढावी लागते. अमेरिकेत तीस हजारांवर सिझरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असलेल्या बायांमध्ये, आधी एक सिझर झालेलं असेल तर शंभरात ११ जणींची वार अशी रुतलेली निघाली. आधी दोन झालेली असतील तर ४० जणींची.

हे आकडे आपल्याकडं कुणाला लागू होतात ते उघड बोललं पाहिजे. दोन मुली झाल्या, दोन्ही सिझर, आता मुलासाठी तिसरं. अशी घरं आपल्या आजूबाजूला आहेत. तिसऱ्या खेपेला जोखीम किती पटीनं वाढते हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं, आणि हट्ट धरणाऱ्या नवऱ्याला तर नाहीच. त्यात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयी आहेत, असं तीच पाहणी सांगते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला रक्तस्राव झाला की वेळ फार थोडा उरतो.

उलटंही होतं. दुसऱ्या सिझरच्या टेबलावरच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उरकतात. सोयीचं आहे, पुन्हा पोट उघडायला नको. पण त्याची सही सातव्या-आठव्या महिन्यात घरी बसून, विचार करून झाली पाहिजे. कळांनी तळमळणाऱ्या बाईपुढं फॉर्म धरून घेतलेल्या सहीला संमती कशी म्हणायची?

कागद कुठाय?

डॉक्टरला नॉर्मलचा विचार करायचा तर त्याला आधी दोन गोष्टी कळाव्या लागतात. पिशवीवरचा छेद कसा होता, आणि पहिलं सिझर कशापायी झालं.

पोटावरची खूण बघून पहिली गोष्ट कळत नाही. कातडीवरची रेघ आडवी असली तरी आत पिशवीवरचा छेद उभा असू शकतो. उभा छेद असेल, पिशवी आधी फाटलेली असेल किंवा गाठ काढताना पिशवी खोलवर उघडलेली असेल तर कळांची वाट बघणं सहसा धोक्याचं मानतात. दुसरी गोष्टही तितकीच मोठी. पहिलं लेकरू पायाळू होतं किंवा त्याचे ठोके कमी झाले म्हणून सिझर केलं असेल, तर या खेपेला ते कारण उरलेलंच नसेल. पण पूर्ण कळा येऊनही लेकरू अडकलं म्हणून केलं असेल, तर पुन्हा अडकू शकतं. शिवाय दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाका उसवण्याची शक्यता वाढते.

हे सगळं ऑपरेशनच्या नोंदीत लिहिलेलं असतं. आणि ती नोंद आपल्याकडं जवळपास कुणाकडंच नसते. पहिलं बाळंतपण माहेरी. डिस्चार्ज कार्ड माहेरच्या पेटीत, नाहीतर उंदरांनी कुरतडलेलं, नाहीतर पावसात भिजलेलं. असलं तरी त्यावर सिझर झालं एवढंच लिहिलेलं. कंधारच्या सासरवाशिणीचं माहेर निलंग्याला, सिझर लातूरच्या खासगी दवाखान्यात, आणि दुसऱ्या खेपेला ती नांदेडच्या ओपीडीत उभी. कागद नाही म्हटल्यावर सावध डॉक्टर सरळ सिझर लिहितो. त्याला दोष देता येत नाही, कारण आत काय शिवलंय ते न बघता जोखीम कोण घेईल?

वास्तविक कागद मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत, रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं आहे. पण त्यातच दुसरी अट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे. तीन वर्षांनी दवाखान्यानं जुनी फाईल नष्ट केली म्हणून सांगितलं तर आपल्या हातात फार काही राहत नाही. म्हणून सिझर झालं की टाके निघायच्या वेळेलाच ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागायची. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ऑपरेशनची नोंद वेगळी. दोन्हींचा फोटो काढून नवऱ्याच्या, भावाच्या, आशाताईच्या मोबाईलवर ठेवायचा. याला पैसा लागत नाही.

रात्री दोनचा हिशेब

आता रस्ता. नॉर्मलच्या प्रयत्नासाठी दवाखान्यात चार गोष्टी एकाच वेळी लागतात : स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, चालू थिएटर आणि रक्त. यातलं एक नसलं तरी बाकी तिन्हींचा उपयोग नाही. निर्णय झाल्यापासून अर्ध्या तासात लेकरू बाहेर यावं, असा हिशेब डॉक्टर लोक धरतात.

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्यामनगरला स्त्री रुग्णालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. मोठ्या जागा या. तालुक्यांत गोकुंदा, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा इथं मोठे सरकारी दवाखाने आहेत. पण माहूरहून विष्णुपुरी गाठायची म्हणजे लांबचा रस्ता. किनवटहूनही तासन्‌तास लागतात. फाटलेली पिशवी तेवढं थांबत नाही. पावसाळ्यात तर रस्ताच राहील याची खात्री नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या काठची गावं एका रात्रीत पाण्यात गेली, लष्कर बोलवावं लागलं. त्या रात्री कळा सुरू झालेल्या बाईला १०८ ला फोन लागला असता तरी गाडी येणार कुठून?

मोठ्या दवाखान्यावरचा भारही विसरून चालणार नाही. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या याच शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात लेकरं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, मनुष्यबळ आणि औषधांवर प्रश्न विचारले. त्या वेळी दवाखान्याकडून एक मुद्दा मांडला गेला : लांबून, अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्ण इथं पाठवले जातात. हा मुद्दा राजकारणाच्या धुरळ्यात हरवला, पण बाळंतपणाच्या बाबतीत तो खराच आहे. तालुक्यात चार गोष्टी एकत्र नसल्या की सगळा भार शेवटी विष्णुपुरीच्या दारात येऊन पडतो, तोही उशिरा.

म्हणून माझं मत असं की आपल्या भागात 'नॉर्मल की सिझर' या प्रश्नाच्या आधी 'कुठं' हा प्रश्न सुटला पाहिजे. नॉर्मलचा प्रयत्न करायचा असेल तर कळा सुरू झाल्यावर निघणं उपयोगाचं नाही. तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधीच नांदेड-लातूर शहरात, पाहुण्याकडं का होईना, मुक्काम हलवावा लागतो. ज्यांना ते जमणार नाही, घरी म्हातारी माणसं, जनावरं, दुसरं लहान लेकरू आहे, त्यांनी तारीख ठरवून सिझर करून घेणं यात कमीपणा काही नाही. अशी बाई भित्री ठरत नाही. तिला दुसरा मार्ग यंत्रणेनं ठेवलेलाच नसतो.

एक गोष्ट मात्र कुणीच करू नये. गावात सुई देऊन कळा वाढवणारे अजून आहेत. टाका असलेल्या पिशवीला बाहेरून कळा वाढवणारं औषध दिलं की फाटण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. हे काम मोठ्या दवाखान्यात, मोजून, नजरेखाली करायचं. टाकलेल्या सुईनं कळा आल्या आणि मग दोन कळांच्या मध्येही पोट दुखायचं थांबेना, रक्त जायला लागलं, बाई घाबरीघुबरी झाली, तर समजावं की एक मिनिटही घालवायचा नाही.

पैशाचं आणि फलकाचं

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सिझरसुद्धा फुकट आहे. औषधं, रक्त, तपासण्या, सिझर असेल तर सात दिवसांचं जेवण, घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायची गाडी, सगळं त्यात येतं. तरीही माणसं खासगीत जातात, कारण सरकारीत रात्री डॉक्टर असेल की नाही याची खात्री नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात ५,३२८ रुपये होता, बाजारात हंगामात तेवढाही पदरात पडत नव्हता. खासगीतल्या सिझरचं बिल किती क्विंटलचं होतं ते ज्यानं भरलंय त्यानं काढावं.

खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावावी, असा राज्याचा नियम २०२१ पासून आहे. किती ठिकाणी दिसते, ते आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी २०१७ मध्ये याच्या पुढची मागणी केली होती : प्रत्येक दवाखान्यानं आपल्याकडं शंभरातली किती बाळंतपणं सिझरनं होतात तेही जाहीर करावं. त्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या पडल्या. आपल्या भागाला तेवढंही नको. गोकुंदा, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा, प्रत्येक ठिकाणी फाटकावर रोज एवढंच लिहावं : आज रात्री सिझर होऊ शकतं का, भूलतज्ज्ञ आहे का, रक्त आहे का. ही माहिती दवाखान्याच्या आत ड्युटीच्या तक्त्यात असतेच. ती १०८ च्या चालकाला आणि आशाताईला संध्याकाळी सहाला मोबाईलवर गेली, तर रात्री दोनला गाडी चुकीच्या दारात उभी राहणार नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागानं हे का करू नये, याचं कारण मला तरी सापडत नाही.

यात सगळ्यात अवघड गाठ आहे ती ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूरकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात ते मार्च-एप्रिलला परततात. जिची तारीख जानेवारी-फेब्रुवारीत येते ती तेव्हा कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या फडात पाचटाच्या कोपीत असते. तिथला डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघणार. तिनं कोयत्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या सिझरचा कागद सोबत न्यावा, आशाताईनं टोळी निघायच्या आधीच्या ९ तारखेला तिची तपासणी करून घ्यावी, आणि कारखान्याच्या जवळचं सिझरची सोय असलेलं सरकारी रुग्णालय कोणतं ते मुकादमाला विचारून कार्डाच्या मागं लिहून द्यावं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम देशभर लागू आहे, त्यामुळं तिथंही बिल मागता येत नाही. आठव्या महिन्यात तिला परत पाठवायची वेळ आली तर उचल फिटली नाही म्हणून अडवून ठेवणारा मुकादम असेल, तर त्याची तक्रार ग्रामपंचायतीत आणि पोलिसांत, दोन्हीकडं द्यावी.